चार बोटं बाहेर

त्याला सगळे मास्तर म्हणत, पण तो शाळेतला मास्तर नव्हे. शाळेशी त्याचं कधी फारसं जमलंच नाही. कपडे शिवायच्या कारखान्यात तो कापड कापायच्या टेबलावर उभा असे, आणि त्या धंद्यात कापणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे. वय जेमतेम सत्तावीस. आधीचा मास्तर अंगाने मोठा होता. त्याच्या जागी हा आला तेव्हा टेबलामागे कुणी उभं आहे की नाही तेच कळेना. म्हणून शिलाईवरच्या बायकांनी त्याचं नाव पाडलं 'बारके मास्तर'.

हात मात्र सोन्याचा. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, बाहीचा, पाठीचा, कॉलरचा, खिशाचा, आणि खडूने आखून घ्यायचं. सगळी अक्कल त्या मांडणीत. फर्मे सैल पडले की मधलं कापड फुकट जातं, त्याची कातरण होते. त्या कारखान्यात कातरणीचं पोतं रोज काट्यावर चढायचं. पोतं जड निघालं तर मास्तरच्या पगारातून कापणार. हलकं निघालं तर मालक खूश होऊन मान हलवणार. मान हलवायला पैसे लागत नाहीत.

बारक्या मास्तरचं पोतं नेहमी हलकं. बाहीच्या बगलेत तो कॉलर बसवी, कॉलरच्या कुशीत खिसा बसवी, आणि मधे दोरा जाईल एवढीच फट ठेवी. असं सगळं चपखल जुळलं की त्याच्या तोंडून आपसूक शब्द निघे, "बसलं!"

मागून बायका ओरडत, "अहो मास्तर, बसलं ना? मग आता तुम्हीही बसा घटकाभर!"

असा हा माणूस. कापडाची चिंधी वाया जाऊ न देणारा. आणि घरात मात्र पगार आला कधी नि गेला कुठे, त्याचा त्याला पत्ता नसे.

घर म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. बाहेरून लोखंडी जिना. बायको एका धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करी. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे हात असे मऊ आणि लाल झालेले, की हातात घेतले तर तापलेल्या भाकरीसारखे लागावेत. पोरगी पावणेदोन वर्षांची. डोळे गोल, रंगवल्यासारखे, आणि लाकडी बाहुलीसारखी बसवाल तिथे बसून राहायची सवय. म्हणून तिला ठकी म्हणत. आईबाप कामाला गेले की ठकी गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात. तिथल्या काकू मायाळू होत्या, पण संध्याकाळी सहाला कुलूप म्हणजे कुलूप. उशीर झाला तर मायेसकट दंड.

एका रविवारी मास्तरची थोरली बहीण आली, न कळवता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे कळवून येण्याची तिला गरज वाटत नसे. तिचं गाव लांब, बसने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा. नवरा एका गोदामावर राखणदार, राहायला गोदामाच्या मागे दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण. मूलबाळ नव्हतं.

ताईने पिशवी खाली ठेवली, ठकीला उचललं, आणि उचलल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. पोरीच्या अंगाला काही वजनच नव्हतं. कानात कापसाचा बोळा. ताईने पोरीची दुधाची बाटली उजेडाकडे धरली.

"हे दूध आहे की दुधाच्या पातेल्याचं विसळण?"

बायको शेगडीपाशी होती. "महिनाअखेर आहे, वन्सं," ती हळूच म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नीट होईल."

"पोरीच्या पोटाला कळतं का महिनाअखेर?" ताईने भावाकडे मान वळवली. "काय रे, तुमच्या दोघांचा मिळून पैसा येतो किती नि जातो कुठे? सांग बघू मला."

मास्तरने छताकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा छताकडे.

"वर काय बघतोस? वर लिहिलंय का? कारखान्यात म्हणे तू चिंधी वाया जाऊ देत नाहीस. घरातला तागा मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखा."

ताईची जीभ तिखट होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नसे. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "हिला माझ्याकडे राहू दे. शाळेच्या वयाची झाली की न्या परत. मी काय विकत मागतेय? अंगणात खेळेल, चार घास खाईल."

"माझी पोर मी कुणाला देणार नाही." बायकोचा हात थांबला होता. "राग मानू नका. पण नाही."

खाली सायकलवाला कुठल्या तरी चाकात हवा भरत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"ठीक आहे," शेवटी ताई म्हणाली. "महिनाभराने पुन्हा येईन. तोवर नीट आखून-मांडून खर्च करा. पोरीला पुरेसं दूध मिळतंय, औषधाची ओढाताण नाही, एवढं दिसलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर पोरगी माझ्याबरोबर येईल, आणि भांडण न करता येईल. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाला. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ ताईने आपल्या परीने लावला, मास्तरने आपल्या.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. संध्याकाळी तो कारखान्यातून तपकिरी कागदाची एक फाटकी गुंडाळी घेऊन आला, आणि खिशात एक खडू. जेवणं झाली. ठकीला कोपऱ्यात बसवली आणि त्याने कागद जमिनीवर अंथरला.

"हे काय, आता घरीही कापणार?" बायको म्हणाली.

"पगार कापणार."

त्याने शंभर रुपयांना एक बोट असं माप धरलं. आपल्या पगाराची एक लांब पट्टी कापली, तिच्या पगाराची दुसरी कापली, आणि दोन्ही टोकाला टोक लावून जोडल्या. दाराच्या उंबऱ्यापासून पलंगाच्या पायापर्यंत पट्टी गेली. बायको पाहतच राहिली. "एवढं आपल्याकडे येतं?"

"येतं की!" मास्तरची छाती जरा फुगली. "आता तू खर्च सांग, मी फर्मे कापतो."

"घरभाडं."

त्याने मोजून तुकडा कापला. तो इतका मोठा निघाला की ठकी दुडदुडत आली आणि त्यावर ऐसपैस बसली.

"घ्या, घरभाड्यावर बसली!" बायको हसली. "मालकीणबाई भाडं मागायला आल्या की हिलाच पुढे करू. म्हणू, बाई, उठवा बघू हिला."

"पुढे बोल."

"पीठ, तांदूळ, तेल. दूध. गॅस. लाइट. साबण. माझी बस. तुमचा फोन."

"तुझा पण आहे फोन."

"माझा फोन म्हणजे काय, वन्सं मला तुमच्या फोनवर रागावतात तेवढाच. बरं, पुढे. तुमचा कारखान्यातला चहा."

"तो पण लिहायचा?"

"मग काय, तो मालक पाजतो?"

असे तुकडे होत गेले. प्रत्येकावर तो खडूने नाव लिही. औषधाचा तुकडा त्याने कापला तेव्हा ती म्हणाली, "थोडा मोठा कापा." त्याने बोटभर वाढवला. सगळ्यांत शेवटी पाळणाघर.

मग त्याने मांडायला घेतलं. उंबऱ्यापासून घरभाडं, त्याला लागून धान्य, मग दूध. जमिनीवर गुडघे टेकून तो सरकत सरकत पलंगापर्यंत आला. पगाराची पट्टी संपली आणि तुकडे पलंगाखाली गेले, भिंतीला टेकले.

बायकोने वाकून पलंगाखाली पाहिलं.

"थांब," मास्तर म्हणाला. कापडावर हे नेहमी होई. पहिल्या मांडणीत कधीच बसत नाही, उलटंपालटं करावं लागतं. त्याने घरभाडं उचलून मधे घातलं, दूध पुढे आणलं, गॅस आणि लाइट शेजारी शेजारी ठेवले. पुन्हा सरकत गेला. पुन्हा भिंतीला टेकला.

"अहो, भाडं आधी ठेवलं काय नि नंतर ठेवलं काय, तेवढंच लांब राहणार," बायको म्हणाली.

त्याला ते कळत होतं. पण हात ऐकेना. कापडात जागा दडलेली असते, एका फर्म्याच्या खोलगट बाजूत दुसऱ्याचा फुगीर भाग शिरतो. पैशाला अशी बगल नसते. त्याच्या कडा सगळ्या सरळ.

मग त्यांनी कात्री हातात घेतली. येणारा फोन तेवढा घ्यायचा, आपण करायचा नाही, असं ठरलं. चहा गेला. तिची बस गेली. ती म्हणाली, चालत जाईन, तेवढेच पाय मोकळे होतील. साबणाचा अर्धा तुकडा गेला. तरी शेवटी पाळणाघराच्या तुकड्याचं टोक पट्टीच्या बाहेर उरलं. मास्तरने हात ठेवून पाहिलं. बरोब्बर चार बोटं.

"मी काम सोडलं तर?" तिने विचारलं. "पाळणाघरच लागणार नाही."

त्याने पाळणाघर उचललं, आणि तिच्या पगाराची पट्टी मागे दुमडली. तर आता धान्यही बाहेर, गॅसही बाहेर. त्याने पट्टी पुन्हा उलगडली आणि तुकडा जागेवर ठेवला.

"चार बोटांचं काय एवढं!" ती म्हणाली. "रेटू. मी जाईन चालत."

"तो तुकडा मघाशीच काढला."

"अरे हो," ती म्हणाली आणि हसायला गेली, पण ते हसू काही नीट आलं नाही.

त्या महिन्यात ती दोघं जशी राबली तशी पुढे कधी राबली नसतील. ती पहाटे निघे, चालत कारखान्यात जाई, चालत परत येई. धुलाईच्या मुकादमबाईने तिला दोनदा विचारलं, संध्याकाळी जादा काम आहे, थांबतेस का? थांबली असती तर चारच काय, आठ बोटं भरून निघाली असती. पण सहाला पाळणाघराचं कुलूप. ती नाही म्हणे आणि पदर खोचून धावत सुटे. धावूनही दोन वेळा उशीर झाला. काकूंनी दंड घेतला, वर ठकीचा गाल कुरवाळला.

मास्तर कारखान्यात चहाच्या वेळी नळावर जाऊन पाणी पिऊ लागला. शिलाईवरची एक म्हातारी म्हणाली, "काय मास्तर, पोटात मासे पाळलेत का?" सगळ्या हसल्या. तोही हसला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो प्यायला, आणि त्यानंतर चहाच्या वेळी तो टेबल सोडून बाहेर जाऊ लागला.

दुधाच्या तुकड्याला मात्र दोघांनी हात लावला नाही. ठकीला दाट दूध मिळालं, गाल जरा भरल्यासारखे दिसले. आत्या येईल तेव्हा बघेल, असं बायको तिला मांडीवर घेऊन म्हणे. तिचा जीव त्या गालांत अडकला होता. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत वाटत होतं की आपण पैलतीर गाठला.

मग ठकीचा कान पुन्हा वाहू लागला. ताप चढला. तापाचं मूल पाळणाघरात घेत नाहीत, काकूंचा तो नियमच. बायको तीन दिवस घरी बसली, तीन दिवसांचा पगार बुडाला. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि महागडं औषध लिहिलं. औषधाचा बोटभर वाढवलेला तुकडा पहिल्याच बाटलीत संपला. दुसऱ्या बाटलीसाठी दुधाचा तुकडा फाटला. कोपऱ्यावरचा वाणी आधीच्या उधारीमुळे तोंड फिरवून बसलेला, त्याच्याकडे जायची सोय नव्हती. बाटलीत पुन्हा पाणी आलं. गाल आले तसे गेले.

ताई रविवारी यायची होती. शनिवारी संध्याकाळी बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर पोरीचे कपडे धूत होती. ठकी झोपली होती. मास्तरने पलंगाखालून कागद काढला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नुसतं बघावं, एवढंच. त्याने पट्टी अंथरली, तुकडे मांडले. चार बोटं बाहेर. मग त्याने पाळणाघर उचललं. दूध दुमडून चहापुरतं केलं. औषध दुमडलं. बायको संध्याकाळी जादा थांबली तर तिच्या पट्टीला किती जोड लागेल, तो त्याने कापून लावला. वाण्याची उधारी फेडायची होती, तिचा एक तुकडा कापून मधे घातला. साबण पुरा ठेवला. तिची बस परत ठेवली, कारण जादा काम करून दमलेल्या बाईने चालत का यावं? तुकडे एकमेकांना भिडत गेले. घरभाड्याला धान्य, धान्याला गॅस, गॅसला उधारी, उधारीला बस. शेवटचा लाइटचा तुकडा त्याने ठेवला आणि तो पट्टीच्या टोकाशी असा जुळला की कड कुठली कुणाची ते ओळखू येईना.

"बसलं!" मास्तर म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. कारखान्यात म्हणे तसाच, आनंदाने.

दारात बायको उभी होती. हातात अर्धवट पिळलेलं झबलं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"काय बसलं?"

तिने जमिनीवर पाहिलं. उंबऱ्यापासून पलंगापर्यंत सगळं सपाट, नीट, एकही टोक बाहेर नाही. मग तिने त्याच्या डाव्या मुठीकडे पाहिलं.

"हातात काय आहे?"

त्याने मूठ उघडली. पाळणाघराचा तुकडा होता, चुरगळलेला.

"तोंडातून निघून गेलं गं," तो म्हणाला. "सवय आहे. कापडावर म्हणतो ना मी, तसं निघालं."

"ठाऊक आहे मला." ती खाली बसली. ओलं झबलं तिने मांडीवरच ठेवलं होतं. "खोटं असतं तर भांडले असते मी."

तिने कागदावरून हात फिरवला, उंबऱ्यापासून सुरुवात करून. कुठे फट सापडते का बघत होती. नव्हती. त्याचं काम चोख होतं. मग ती उठली, धुलाईतून आणलेली खळ कोपऱ्यात डब्यात होती ती काढली, पाण्यात कालवली आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"भिंतीला चिकटवून टाका."

"आत्ता?"

"आत्ताच. सकाळी माझं मन फिरेल."

ताईने रविवारी येताना पोरीसाठी लोकरीचा स्वेटर आणला होता. भांडण करावं लागेल अशा तयारीने ती आली होती, आणि भांडण नाही म्हटल्यावर तीच रडायला लागली. "या की तुम्ही, कधीही या," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "घर तुमचंच आहे." बायकोने पिशवी भरली. उतरून बसथांब्यापर्यंत ती पोरीला कडेवर घेऊन गेली. ठकीला बसची खिडकी फार आवडली. काचेवर तिने तळहात आपटले. बस हलली तेव्हा ती आईबापाकडे पाहत नव्हती, पुढे उभ्या असलेल्या एका लाल ट्रककडे बोट दाखवत होती.

हिशेब म्हणाल तर त्यानंतर अगदी सुरळीत चालला. भाडं पहिल्या तारखेला गेलं. मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्यासारखे भाडेकरू हवेत. बायको संध्याकाळी जादा थांबू लागली. वाण्याने तोंड पुन्हा इकडे वळवून रामराम केला. भिंतीवरची तपकिरी पट्टी खळ वाळून ताठ बसली, जणू भिंतीतूनच उगवली होती. घरात शिरलं की नजर आधी तिच्यावर जाई.

धुलाईचा बॉयलर बिघडला आणि तिला दोन दिवस सुट्टी मिळाली. जोडून मास्तरचा रविवार. त्या सकाळी मास्तर उठला तर ती आंघोळ करून तयार. तिने त्याचा सदरा कडक इस्त्री करून खुंटीला लावला होता. हॉटेलातून बाद झालेल्या एका चादरीचा तिने पोरीला फ्रॉक शिवला होता, तो घडी करून पिशवीत ठेवत होती.

"उठा, आवरा. पहिली बस चुकेल."

"कुठली बस?"

"कुठली म्हणजे? पोरीकडे नाही का जायचं?"

मास्तर उठून बसला. दोघांची नजर एकाच वेळी भिंतीकडे गेली. घरभाडं, धान्य, गॅस, उधारी, बस, साबण, दूध, औषध, लाइट.

"ही बस..." तिने बोट ठेवलं.

"ती तुझी कामाची."

"मग तिकिटाचा तुकडा कुठाय?"

त्याने पट्टीवरची नावं पुन्हा एकदा वाचली. "कापलाच नाही," शेवटी म्हणाला.

जायचं-यायचं, दोघांचं, म्हणजे सहा बोटं. तिने मनातल्या मनात मोजलं असावं, कारण ती म्हणाली, "एकटी जाऊन येते मग. तीन." आणि भिंतीशी गेली. नखाने तिने साबणाचा तुकडा उचकटायला घेतला, मग उधारीचा. खळ पक्की बसली होती. कागद निघेना, भिंतीचा पोपडा मात्र निघाला आणि खाली पडला. निघाला असता तरी काय? ते पैसे कागदावर नव्हते. भाड्याचे भाड्याला गेलेले, वाण्याचे वाण्याला. त्या पट्टीत एक दोरा जाईल एवढीसुद्धा फट मास्तरने ठेवली नव्हती. पोर दुसऱ्या गावी राहील एवढं दोघांनी बघितलं. तिला बघायला जावं लागेल, हा खर्च त्या संध्याकाळी कुणाच्याच तोंडी आला नाही.

ती पिशवीतला फ्रॉक काढून पुन्हा घडी करू लागली. आधीची घडीही चांगलीच होती.

दुपारी ताईचा फोन आला. आपण करायचा नाही, येईल तो घ्यायचा, असं ठरलेलं, म्हणून ती दोघं फोनपाशी वाट बघतच असत. "बोल गं आईशी," पलीकडून ताई म्हणत होती. "बोल, आई म्हण." बायकोने फोन कानाला घट्ट दाबला. नुसता श्वास ऐकू आला, नाक चोंदलेलं नव्हतं, कानाचं बरं दिसत होतं. मग पोरीचा आवाज आला, स्पष्ट, पण फोनमध्ये नव्हे, दुसरीकडे तोंड करून. "आत्या, चल. आत्या, चल ना."

"खेळायला ओढतेय मला," ताई ओशाळून म्हणाली. "कधी येताय?"

"येऊ," बायको म्हणाली. "बघते."

त्यानंतर कारखान्यात एक गोष्ट होऊ लागली. मास्तर थर अंथरी, फर्मे मांडी, खडूने आखी, सगळं रोजच्यासारखं. पण सुरी फिरल्यावर पाहावं तर पाठ आणि बाही यांच्या मधे एक पट्टी सुटलेली. तीन बोटं रुंद. पहिल्या दिवशी त्याला वाटलं चुकून झालं. दुसऱ्या दिवशी त्याने डोळ्यांत तेल घालून मांडणी केली, तरी पट्टी सुटलीच. हातच घट्ट मांडायला तयार होईना. कडेला कड आली की तो आपोआप मागे सरे. तोंडातून "बसलं" निघेनासं झालं, ते बायकांच्याही ध्यानात आलं, पण कुणी थट्टा केली नाही.

पोतं काट्यावर चढलं. मालकाने काट्याकडे पाहिलं, मग पोत्यात हात घालून एक पट्टी ओढून काढली. लांब, सरळ, स्वच्छ पट्टी.

"मास्तर, ही काय म्हणून सोडली?"

"सुटली."

"तुमच्या हातून सुटते? ह्यात चार कॉलर बसल्या असत्या."

मास्तर ती पट्टी हातात घेऊन बोटांनी मोजू लागला. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने आठवडाभर वाट पाहिली. पोतं काही हलकं झालं नाही. मग नियमाप्रमाणे व्हायचं ते झालं.

पगाराच्या दिवशी मास्तर घरी आला आणि पाकीट त्याने बायकोच्या हातात दिलं. तिने मोजलं. मग भिंतीपाशी जाऊन पट्टीच्या टोकाला आपलं बोट आडवं ठेवलं.

"एवढं कमी आहे," ती म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही. त्याच्या खिशातून पांढऱ्या कापडाची एक पट्टी अर्धी बाहेर आलेली तिला दिसत होती.

त्याने कात्री घेतली आणि भिंतीसमोर उभा राहिला. पट्टीच्या टोकाला लाइटचा तुकडा होता, पण टोकाचाच कापला पाहिजे असं थोडंच असतं. तो एकेक नाव वाचत गेला. धान्यातून निघेना, उधारीतून निघेना. दूध तर आधीच चहापुरतं.

"कुठून कापू?" त्याने विचारलं.

ती शेगडीपाशी जाऊन बसली होती. बाहेर उजेड उतरत होता आणि खाली सायकलवाला दुकानाची फळी लावत होता.

"लाइटमधून कापा," ती म्हणाली. "अंधारात बसायला आपल्याला काय! दोघंच तर आहोत."